मत दिलं म्हणजे वकीलपत्र घेतलं नाही

या वेळचं पत्र आपल्या इंदूरच्या सुदामा नगरातून आलं आहे. बरंच लांब होतं, घरगुती तपशील गाळून देते.

“मॅडम, मी 46 वर्षांची आहे. घरात नवरा, सासूबाई आणि मुलगी. मुलगी नुकतीच अठराची झाली. मी गेली कितीतरी वर्षं एकाच पक्षाला मत देत आले. तो मला आवडतो असं अजिबात नाही. त्यांच्यातली निम्मी माणसं मला दारात उभी करावीशी वाटत नाहीत. पण समोरचे आले तर आणखी बिघडेल असं वाटतं, म्हणून देते. 2024 च्या लोकसभेला नवऱ्यानं नोटा, म्हणजे ‘यापैकी कुणीच नको’चं बटण, दाबला आणि कॉलनीभर सांगत सुटला. मी काय दाबलं ते कुणाला सांगितलं नाही. आता मुलगी म्हणते, ‘आई, पाच वर्षं त्यांना नावं ठेवतेस आणि बटण त्यांचंच दाबतेस, हे ढोंग आहे.’ नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, निवडणुकीत ती एकतर नोटा दाबणार, नाहीतर जाणारच नाही म्हणते. गेल्या महिन्यात भिशीला नणंद त्या पक्षाबद्दल काही बोलली. ती म्हणत होती ते मलाही पटत होतं, तरी मी तिच्याशी तावातावानं भांडले. रात्री झोप लागली नाही. मी ढोंगी आहे का? आणि मुलीला काय सांगू?”

ताई,

पक्षाचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. लिहिलं असतंत तर माझंही मन सवयीनं कुठेतरी झुकलं असतं. आता हे उत्तर कुठल्याही पक्षाच्या मतदाराला चालेल.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न बटणाचा आहे. दुसऱ्यांदा भिशीच्या ओळीपाशी अडकले. माझ्या मते गाठ तिथे आहे. पण आधी बटणाचं बघू, कारण मुलीनं तुम्हाला तिथे पकडलं आहे.

दगडापेक्षा वीट मऊ, ही म्हण तुम्ही ऐकलीच असेल. माझी आजी ती जावयांबद्दल वापरायची, पण निवडणुकीला ती जास्त लागू पडते. म्हण ज्यानं केली त्यानं विटेला गादी म्हटलेलं नाही. वीट डोक्यात बसली तर खोक पडायची ती पडतेच. तुलना आहे ती फक्त दगडाशी. तुम्ही विटेला वीट म्हणूनच उचललंत आणि पाच वर्षं तिला वीटच म्हणत राहिलात, तर त्यात ढोंग कुठलं? वीट उचलून ‘किती मऊ गं’ म्हणालात तर मुलीचं म्हणणं खरं.

पुढचा प्रश्न ती विचारणारच: दगड आणि वीट, दोनच का? तिसरं काही का नाही? याचं उत्तर लोकांच्या अकलेत कमी आणि मोजणीच्या पद्धतीत जास्त आहे. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला इतरांपेक्षा एक मत जास्त, तो जिंकला. बाकीच्यांची मतं कितीही असोत, त्यांच्या वाट्याला काही येत नाही. अशा पद्धतीत लोक हळूहळू दोन मोठ्या गटांकडे सरकतात, हे मॉरिस द्युव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं 1951 साली मांडलं. आपल्या ओट्यावर बसणाऱ्या काकांना ते त्याला न वाचताच माहीत असतं. ते म्हणतात, “माणूस चांगला आहे हो, पण निवडून थोडाच येणार? मत वाया जायचं.” सगळेच काका असं म्हणतात, म्हणून तो चांगला माणूस पडतो. पडला की काका म्हणतात, “बघा, म्हटलं नव्हतं?”

2018 ची आपल्या मध्य प्रदेशची विधानसभा आठवा. राज्यभरात भाजपला काँग्रेसपेक्षा किंचित जास्त मतं होती, पण जागा भाजपला 109 आणि काँग्रेसला 114. त्याच निवडणुकीत ग्वाल्हेर दक्षिणचा निकाल फक्त 121 मतांनी लागला आणि तिथे नोटाची मतं त्या फरकाच्या कितीतरी पट होती. त्या नोटावाल्यांपैकी सव्वाशे जणांना जरी दोघांतला एक थोडा कमी वाईट वाटत असता आणि त्यांनी तसं बटण दाबलं असतं, तर आमदार कदाचित दुसराच झाला असता. नोटा दाबणारे चुकले असं मी म्हणत नाही. त्यांनी निवड इतरांच्या हाती सोडली, इतकंच.

तिसरा कधी येतच नाही असंही नाही. आपल्याच इंदूरनं 1962 साली होमी दाजींना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं होतं. पण त्यामागे गिरणी कामगारांमधलं वर्षानुवर्षांचं काम होतं. तिसरा पर्याय निवडणुकीच्या आदल्या महिन्यात उगवत नाही. तुमची मुलगी चिडली आहे ती नेमकी त्या महिन्यात रिकामं शेत बघून.

आणखी एक. पक्ष म्हणजे थाळी असते. तुम्हाला आमटी आवडली म्हणून थाळी घेतली, तर ताटात कारलंही येतं आणि ते ‘नको’ म्हणायची सोय नसते. एका पक्षाचं पाण्याचं धोरण पटतं, त्याचीच भाषा ऐकून अंगावर काटा येतो. दुसऱ्याची भाषा बरी, पण कारभार आठवला की पोटात गोळा येतो. एकाच बटणात हे सगळं कोंबलेलं आहे. त्यामुळे जो कोणी म्हणतो की माझ्या पक्षाचं मला सगळं पटतं, त्याची मला जरा काळजीच वाटते.

आपल्या मराठी घरांची इथली गंमत तर वेगळीच. 1989 पासून 2014 पर्यंत भाजपच्या सुमित्राताई महाजन इथून सलग आठ वेळा लोकसभेवर गेल्या. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून. रामबागेपासून लोकमान्य नगरपर्यंत कितीतरी घरांत ‘कुणाला मत?’ हा प्रश्नच नव्हता, ‘ताईंना’ हे उत्तर होतं. त्यात काही पक्षाचे होते, काही नुसते ताईंचे होते, आणि कोण कुठल्या वर्गातलं हे तपासायची वेळ कधी आली नाही. 2019 ला ताई उभ्या नव्हत्या. मी ओळखते अशा दोन-तीन आज्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा विचारलं, “मग आता कुणाला द्यायचं?” तीस वर्षं मत देऊनही हा प्रश्न त्यांना नवा होता. तुम्हाला निदान तो सतत पडतो. मी ती चांगली खूण मानते.

आता नवऱ्याच्या नोटाबद्दल. इंदूरमध्ये राहून नोटावर बोलायचं म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या नोटावर बोलायचं. एप्रिल 2024 मध्ये अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. काँग्रेसनं मग नोटा दाबायचं आवाहन केलं. निकाल आला तेव्हा नोटाला 2,18,674 मतं होती. त्याआधीचा विक्रम बिहारमधल्या गोपालगंजचा होता, 2019 साली, एक्कावन्न हजारांच्या घरात. आपण तो चौपटीनं मोडला. आणि त्याच दिवशी जिंकणाऱ्या उमेदवाराचं मताधिक्य पावणेबारा लाखांचं, देशात सगळ्यात मोठं. 2019 ला तेच मताधिक्य साडेपाच लाखांच्या आसपास होतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत बसले होते. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं उन्हातून चालत जाऊन सांगतात की हे आम्हाला मान्य नाही, आणि हाती काय लागलं तर समोरच्याचा विक्रम. नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांमध्ये जो पुढे तो निवडून येतो, लोकसभेचा नियम तसाच आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं 2018 मध्ये तिथल्या स्थानिक निवडणुकांपुरतं ठरवलं की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची. लोकसभेला असं काही नाही.

म्हणून तुमच्या मिस्टरांना वेडं ठरवू नका. त्या मे महिन्यात, त्या मतपत्रिकेवर, नोटाला एक ठाम अर्थ होता, कारण शहरात सगळ्यांना माहीत होतं की तो कशासाठी दाबला जातोय. एरवीच्या निवडणुकीत तो अर्थ विरघळून जातो. कुणी रागानं दाबलेला, कुणी गोंधळून दाबलेला, कुणी बटणं बघायची म्हणून दाबलेला, सगळे एकाच रकान्यात. आणि मतदानाला न जाण्याची तर तेवढीही नोंद होत नाही. न आलेल्यांमध्ये निषेध करणारा आणि दुपारी झोपून राहिलेला वेगळा कसा ओळखायचा? हे मुलीला जरूर सांगा. ‘जाणारच नाही’ हे तिचं दुसरं वाक्य माझ्या मते पहिल्यापेक्षा फार कमकुवत आहे.

इथे मला एक माणूस आठवतो. मी शिक्षिका होते, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी पाचवीला पुजलेली. 2008 च्या विधानसभेला मी मतदान अधिकारी क्रमांक दोन होते. म्हणजे बोटाला शाई लावायची आणि मतदार रजिस्टरवर सही घ्यायची. अकराच्या सुमाराला साठीचे एक गृहस्थ आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. सही केली, शाई लावून घेतली आणि शांतपणे म्हणाले, “मुझे किसी को वोट नहीं देना है. रजिस्टर में लिख दीजिए.”

तेव्हा नोटा नव्हता. नियम 49-ओ होता. मत द्यायचं नसेल तर त्या माणसाच्या नोंदीपुढे पीठासीन अधिकाऱ्यानं तसा शेरा लिहायचा आणि शेऱ्यावर मतदाराची पुन्हा सही घ्यायची. सगळं उघड्यावर, पक्षांचे एजंट बाकावर बसून बघत असताना. आमचे पीठासीन अधिकारी नियमांची पुस्तिका चाळायला लागले. मागे रांग थांबली. एक एजंट हसून म्हणाला, “अरे काकासाब, किसी को तो दे दो.” दुसरा एजंट, त्याच्या विरोधी पक्षाचा, तोही हसला. दिवसभरात ते दोघं एवढ्या एकाच गोष्टीवर एकत्र आले. काकासाहेब उभेच. पुस्तिकेत पान सापडलं, शेरा लिहिला गेला, त्यांनी दुसरी सही केली, पहिल्यापेक्षा सावकाश. जाताना मला विचारलं, “मॅडम, ये कहीं पहुँचेगा?”

मी म्हटलं, “लिफाफे में जाएगा.” खरं तेच होतं. संध्याकाळी ते रजिस्टर पाकिटात गेलं, पाकिटाला लाख लागली.

27 सप्टेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘कुणीच नको’ म्हणणाऱ्यालाही गुप्तता हवी, यंत्रावर तसं बटण द्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या मध्य प्रदेशात ते पहिल्यांदा दिसलं. न्यायालयाची आशा होती की नकार वाढला तर पक्ष बरे उमेदवार देतील. ती आशा कितपत फळली हे तुम्ही आम्ही बघतोच आहोत. पण आज तुमची मुलगी जे बटण इतक्या सहज दाबीन म्हणते, त्यासाठी कुणाला तरी दोन एजंटांच्या हसण्यासमोर उभं राहावं लागलं होतं. तिला दाबायचं असेल तर दाबू द्या. फक्त दाबायच्या आधी तिनं सगळी नावं वाचलेली असावीत, एवढी अट घाला.

‘निवडून आल्यावर पलीकडेच जायचं, मग मत देऊन उपयोग काय’ असंही ती म्हणेल. म्हणू दे, तिचं चुकत नाही. आपल्या शेजारच्या सांवेरमध्ये लोकांनी 2018 ला ज्याला एका पक्षाचा म्हणून निवडलं, त्यालाच 2020 च्या पोटनिवडणुकीत दुसऱ्या पक्षाचा म्हणून निवडलं. पक्षांतराविरुद्धचा कायदा 1985 चा आहे, पण आमदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा उभं राहणाऱ्याला तो अडवत नाही. याच्यावर माझ्याकडे औषध नाही.

आता तुम्हाला नेमकं कमी वाईट कोण हे कसं ठरवायचं? तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण ‘समोरचे आले तर आणखी बिघडेल’ या तुमच्या वाक्यात मला थोडी सवयीची भाकरी दिसते. हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी तपासून बघितलंत? 2003 च्या आधीची वीज मला आठवते. मी दहावीचे पेपर मेणबत्तीवर तपासले आहेत. त्या वर्षी ‘बिजली, सडक, पानी’ एवढ्यावर सरकार गेलं आणि भाजपला 230 पैकी 173 जागा मिळाल्या. पंधरा वर्षांनी, 2018 ला, तेच लोक अगदी काठावरून उलटे फिरले. दोन्ही वेळा लोकांचं कुणावर प्रेम जडलं नव्हतं. त्यांनी त्या वेळचा दगड आणि त्या वेळची वीट नव्यानं तोलली. 2003 ची भीती घेऊन आज मत देणारे किंवा 2018 चा राग घेऊन आज मत देणारे आपल्या ओळखीत भरपूर आहेत. दगड-वीट दर वेळी हातात घेऊन बघावी लागते, कारण मधल्या काळात त्यांची अदलाबदल झालेली असू शकते.

मी स्वतः एकच प्रश्न विचारते: माझं चुकलं, तर ते पाच वर्षांनी दुरुस्त होईल का? खराब रस्ता पुन्हा होतो. कराचा घोळ निस्तरता येतो, चुकीचा पूल पाडतासुद्धा येतो. पण शेजारी शेजाऱ्याला घाबरायला लागला, किंवा तक्रार करायला गेलेला माणूसच अडकायला लागला, तर ते पाच वर्षांत भरून येत नाही. जो पक्ष दुरुस्त होणारं वाईट करील असं वाटतं, त्याच्याकडे मी झुकते. कुठला पक्ष कुठल्या रकान्यात बसतो हे तुमचं तुम्ही भरा. माझे रकाने मी सांगणार नाही.

निगमच्या निवडणुकीत तर तुम्हाला एकच थाळी घ्यायची सक्तीही नाही. 2022 ला आपण महापौर वेगळा निवडला आणि पार्षद, म्हणजे नगरसेवक, वेगळा. दोन मतं, आणि दोन्हींवर एकच चिन्ह हवं असा कुठलाही नियम नाही. ग्वाल्हेरनं त्याच वर्षी हे करून दाखवलं. 57 वर्षांनी काँग्रेसची महापौर निवडून आली आणि परिषदेत पार्षद मात्र भाजपचे जास्त. मग पाच वर्षं दोघांची रस्सीखेच चालते, हेही खरं, आणि त्यात कामं अडतात. तरी लोकांनी डोकं वापरून दोन निर्णय वेगळे केले याचं मला कौतुक वाटतं. आपल्या 85 वॉर्डांपैकी तुमच्या वॉर्डात कोण उभं आहे, हे तुम्हाला नाक्यावर चहा घेता घेता कळू शकतं. तिथे पक्षाआधी माणूस बघता येतो. लोकसभेला ते जमत नाही.

आणि मुलीचं नाव विधानसभेच्या यादीत आलं म्हणून निर्धास्त राहू नका. स्थानिक निवडणुकांची यादी राज्य निवडणूक आयोगाची असते, ती वेगळी तपासावी लागते. तत्त्वावर महिनाभर भांडून त्या दिवशी केंद्रावर नाव सापडलं नाही, तर दोघींची फजिती.

बरं, आता भिशी.

नणंद जे बोलली ते तुम्हाला पटत होतं. तरी तुम्ही भांडलात, कारण तुम्हाला वाटलं ती पक्षाबद्दल बोलत नाहीये, तुमच्या निवडीबद्दल बोलतेय. हे फार माणसासारखं आहे. मी एकदा राजवाड्याजवळच्या एका दुकानातून माझ्या तेव्हाच्या पगाराच्या मानानं फारच महाग माहेश्वरी साडी घेतली. पहिल्याच धुण्यात काठाचा रंग गेला. बहीण म्हणाली, “अगं, काठ उतरला की.” मी म्हटलं, “छे, मुळातच तसा फिका आहे, म्हणून तर घेतली.” आणि ते सिद्ध करायला ती साडी मी दोन लग्नांत नेसले. दुकानदाराशी माझं काही नातं नव्हतं. मला फक्त फसलेली दिसायचं नव्हतं.

नाइलाजानं दिलेल्या मताचं हेच होतं. देताना आपण नाक मुरडून देतो. मग कुणी त्याच पक्षाला नावं ठेवली की नाक सरळ होतं. दोन-तीन वर्षांत आपण त्यांच्या ज्या गोष्टींना नावं ठेवायचो त्यांचीच कारणं सांगायला लागतो: ‘तेव्हाची परिस्थितीच तशी होती’, ‘आधीचे काय वेगळं करत होते?’ पाचव्या वर्षी आपण ‘कमी वाईट’ हे शब्द विसरलेले असतो आणि ‘आमचा पक्ष’ म्हणत असतो. मतदान यंत्रावरचं बटण दाबायला एक क्षण लागतो, कागदाची चिठ्ठी त्या काचेमागे सात सेकंद दिसते आणि खाली पडते. तुमचं त्यांच्याशी असलेलं काम तिथे संपलं. त्यांचं वकीलपत्र तुम्ही घेतलेलं नाही. बचावाला त्यांच्याकडे टीव्हीवर रोज संध्याकाळी बसणारे प्रवक्ते आहेत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट सांगते. पार्षदाला खरा चावा बसतो तो त्याला मत देणाऱ्याच्या तक्रारीचा. मागे आमच्या गल्लीत ड्रेनेजचा चेंबर महिनाभर उघडा होता. विरोधी पक्षाचा एक कार्यकर्ता रोज फोटो काढून जायचा, काही हललं नाही. ‘ते तर बोलणारच,’ असं म्हणून पार्षद मोकळे. मग आम्ही सात घरच्या बायका त्यांच्या ऑफिसात गेलो. मी म्हटलं, “भैया, सात घरं आहेत आणि सातही घरांनी तुम्हालाच मत दिलं होतं. दिलं होतं म्हणतेय, नीट ऐका.” संध्याकाळी सहाला चेंबरवर नवं झाकण. सात घरांपैकी दोन घरांनी खरं तर दुसऱ्यालाच दिलं होतं, पण त्या दोघी तेवढं बोलल्या नाहीत. तर तुमच्यासारख्या मतदारानं गप्प बसणं किंवा बचाव करणं पक्षाला हवंच असतं. तुमचं नावं ठेवणं, जे तुमच्या मुलीला ढोंग वाटतं, तीच तुमच्या हातातली खरी काठी आहे. ती घरात स्वयंपाकघरात फिरवू नका, जिथे लागेल तिथे न्या.

आपल्या नळाला नर्मदेचं पाणी येतं ना? 1970 साली या शहरात त्यासाठी मोठं आंदोलन झालं. विद्यार्थी होते, व्यापारी होते, एकमेकांना पाण्यात पाहणारे पक्ष होते. पाणी 1978 ला आलं, सत्तरएक किलोमीटरवरून. नर्मदाकाठच्या जलूदहून डोंगर चढून येणारं पाणी महाग पडेल हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. त्या लोकांनी मतं वेगवेगळ्या पेट्यांत टाकली होती. म्हणून कुणी मागणी सोडली नाही.

मुलीला काय सांगू, हा तुमचा शेवटचा प्रश्न. फार काही सांगू नका. अठराव्या वर्षी सगळं स्वच्छ हवं असं वाटलं नाही तर कधी वाटणार? तिला तुमच्या वयाचा शहाणपणा आत्ताच द्यायची घाई करू नका, तो तिला शिळाच वाटेल. तिच्यासमोर एक कबूल करा: ‘भिशीत मी जे केलं ते चुकलं. मत दिलं त्यात मला लाज नाही, पण पटत असलेल्या गोष्टीवर खोटं भांडले त्याची आहे.’ ढोंग हा शब्द तिनं वापरला तो बटणासाठी, जागा थोडी चुकली, पण काहीतरी तिला बरोबर दिसलं होतं. ते तिला कळू द्या.

मग एखाद्या रविवारी सकाळी, पोहे खाऊन झाले की, दोघी मिळून उमेदवारांची शपथपत्रं उघडा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला गुन्हे, संपत्ती आणि शिक्षण जाहीर करावं लागतं, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. तुमच्या आमदाराचं 2018 चं आणि 2023 चं शेजारी ठेवा. मालमत्तेच्या रकान्यावर मुलीला बोट ठेवू द्या. तिला काय वाटतं ते आधी ऐका, तुमचं मत नंतर. सासूबाईंनाही बसवा, त्यांनी किती सरकारं बघितली असतील. मिस्टरांना मात्र त्या दिवशी भाजी आणायला पाठवा, नाहीतर नोटाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

नणंदेला वेगळा फोन करायची गरज नाही. पुढच्या भिशीला तो विषय निघेलच. निघाला की ‘हो गं, ते त्यांचं चुकलंच, मागच्या वेळी मी उगाच तणतणले’ एवढं म्हणा आणि शेवेचा डबा तिच्याकडे सरकवा. ती चकित होईल. कदाचित तीही तिच्या पक्षाबद्दल एखादं खरं वाक्य बोलून जाईल, न बोलली तरी शेव आहेच.

मतदानाच्या दिवशी मुलीबरोबर केंद्रावर जा, रांगेत तिच्या मागे उभ्या राहा. बाहेर आल्यावर तिनं काय दाबलं ते विचारू नका. तिनं आपणहून सांगितलं, तर मला कळवू नका.